चाळीतली खोली, ७५ ची लेन्स आणि काळे पडलेले कोपरे: एक प्रकरण

पार्श्वभूमी

गिरगावातली एक वाडी आहे, नाव देत नाही कारण तिथल्या लोकांना विचारलेलं नाही आणि पुनर्विकासाची कागदपत्रं अजून चालूच आहेत. १८९३ साली जिथं सार्वजनिक गणपती बसला त्या केशवजी नाईक चाळीपासून फार लांब नाही एवढंच सांगतो. तीन मजली लाकडी चाळ, मधे चौक, चारी बाजूंनी गॅलरी, खोल्या साधारण दहा बाय बाराच्या, आत मोरी, वर पोटमाळा. मेअखेर सगळ्यांनी खोल्या खाली करायच्या ठरलं होतं. मंडळाचे सेक्रेटरी काका माझ्या वडिलांच्या ओळखीचे, त्यांनी मार्चमध्ये फोन करून विचारलं की पाडायच्या आधी खोल्यांचे नीट फोटो काढून देशील का, मोबाईलमध्ये सगळ्यांकडे आहेत रे पण ते फोनबरोबरच जातात, आम्हाला मंडळाच्या कपाटात राहतील असे हवेत. फिल्म आणि कागदाचा खर्च मंडळाचा, मेहनत माझी. मी एका मिनिटात हो म्हटलं.

कॅमेरा फोर बाय फाइव्ह (चार बाय पाच इंचांच्या सुट्या शीट फिल्मचा), फिल्म इलफर्डची कृष्णधवल एफपी फोर प्लस, आणि माझ्याकडे दोन वाइड लेन्स, एक ९० मिमी आणि एक ७५ मिमी एफ ५.६ ची सुपर अँग्युलॉन. आता दहा फुटांवरून ९० ची लेन्स आडव्या फ्रेममध्ये साधारण तेरा फूट रुंदी घेते आणि ७५ ची सोळा फूट. ऐकायला फरक थोडा वाटतो पण चाळीच्या खोलीत तेवढ्यातच सगळं असतं, ९० लावली की समोरची भिंत येते आणि बाजूची भांड्यांची मांडणी कापली जाते. म्हणून बहुतेक खोल्या ७५ वर काढायच्या ठरवल्या, कॅमेरा दारात, ट्रायपॉडचा एक पाय गॅलरीत. पोटमाळा यायला हवा म्हणून फ्रेम उभी, आणि कॅमेरा वर न वाकवता लेन्स २० मिमी राइज केलेली (सरळ वर सरकवलेली), म्हणजे भिंतींच्या कडा सरळ राहतात. या लेन्सचं इमेज सर्कल, म्हणजे ती टाकते त्या गोल प्रतिमेचा व्यास, एफ २२ ला १९८ मिमी (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं भोक लहान), त्यामुळे २० मिमी राइज आरामात बसतो. बसतो म्हणजे प्रतिमा येते एवढंच, तिथं उजेड किती येतो ही गोष्ट वेगळी, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

अडचण

दोन रविवारात २४ शीट्स काढल्या, घरी धुतल्या, कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्हएवढ्याच मापाचे) करून वाडीत घेऊन गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी आहेत, वय ऐंशीच्या पुढे, लग्न करून त्या खोलीत आल्या त्या तिथंच. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘अरे बाळा, आमची खोली एवढी काळोखी कधीच नव्हती रे. इथं वर माझे डबे आहेत ना, ते कुठायत?’’

डबे होते. पितळेचे, फळीवर ओळीने लावलेले, उजव्या वरच्या कोपऱ्यात. प्रिंटमध्ये तिथं नुसतं काळं. आजींची खोली पश्चिमेची, दुपारनंतर ऊन थेट आत येतं, आकाशी रंगाच्या ऑइलपेंटच्या भिंती, आणि माझ्या फोटोत ती भुयारासारखी दिसत होती. मधे उजेड आणि चारी बाजूंनी, विशेषतः वर, अंधार दाटलेला. सगळ्या २४ शीट्स कमी-जास्त तशाच.

कारण पुस्तकातलंच आहे, मला ते माहीतही होतं. लेन्सच्या मध्यरेषेपासून जेवढ्या कोनात बाहेर जावं तेवढा फिल्मवर पडणारा उजेड त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने कमी होतो. सुपर अँग्युलॉनसारख्या लेन्स जरा बऱ्या, त्यांची बाहेरची भिंगं मोठी आणि वाकडी असल्यामुळे तिरकं बघितलं तरी आतलं ॲपर्चर, म्हणजे उजेड जायचं भोक, पूर्ण मिटत नाही (लेन्स हातात घेऊन तिरकी धरून बघा, दिसतं ते), म्हणून हिशोब चौथ्याऐवजी तिसऱ्या घाताच्या आसपास येतो. तरी ७५ मिमीला फोर बाय फाइव्हच्या कोपऱ्यापर्यंत साधारण ४५ अंश होतात, म्हणजे दीड स्टॉप गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). आणि २० मिमी राइज दिला की वरचे कोपरे ५१ अंशांवर जातात, तिथं दोन स्टॉप. खालचे कोपरे मात्र मध्याजवळ येतात, तिथं सव्वा स्टॉपच्या आतच. म्हणजे अंधार सगळीकडे सारखा नाही, वर दाट, खाली विरळ. आणि हा लेन्सच्या भूमितीतला अंधार आहे, ॲपर्चर लहान करून जात नाही. उघड्या ॲपर्चरला लेन्सच्या नळीमुळे जी कडा कापली जाते ती एफ १६, २२ ला जाते, लोक या दोन गोष्टी एकच समजतात आणि एफ २२ केलं की काम झालं असं मानतात.

मग मी दुर्लक्ष का केलं? काळ्या कापडाखाली ग्राउंड ग्लासवर, कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर, मला कोपरे काळे दिसत होते. पण वाइड लेन्सला काचेवर ते नेहमीच प्रत्यक्षापेक्षा जास्त काळे दिसतात, कारण तिरका आलेला उजेड काचेतून तिरकाच पुढे जातो, डोळ्याकडे कमी येतो. इतकी वर्षं तेच बघून सवय झाली होती की काचेचं काय मनावर घ्यायचं, फिल्मवर ठीक येतं. ९० वर राइज न देता ठीक येतही होतं. हा माझा पहिला चुकलेला निर्णय.

दुसरी चूक मीटरिंगची. फळीखालची सावली स्पॉट मीटरने (छोट्या भागाचा उजेड मोजणारं यंत्र) मोजून झोन तीनवर ठेवली, व्यवस्थित. झोन म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या एकेका स्टॉपच्या पायऱ्या, तीनवर सावलीतले तपशील दिसतात. पण स्पॉट मीटर माझ्या लेन्समधून बघत नाही, त्याला कोपऱ्यातले दोन स्टॉप माहीतच नाहीत. म्हणजे मी झोन तीन म्हणालो आणि फिल्मवर ती सावली झोन एकवर उतरली. झोन एकवर डबे दिसत नसतात.

आणि वेळेचा प्रश्न. हे सगळं कळेपर्यंत एप्रिलचा मध्य आला आणि दोन कुटुंबं सामान घेऊन भाड्याच्या जागेत गेलीसुद्धा. त्यांच्या खोल्या आता रिकाम्या, भिंतीवर देवाच्या फोटोंचे चौकोनी डाग तेवढे. त्या दोन खोल्यांची जी निगेटिव्ह होती तीच, दुसरी मिळणार नव्हती.

कुठले पर्याय होते

पहिला विचार अर्थात सॉफ्टवेअर. निगेटिव्ह स्कॅन करायची आणि व्हिग्नेटचा (कडांचा अंधार घालवायचा) स्लायडर उजवीकडे. दोन अडचणी. एक, तो स्लायडर फ्रेमच्या मध्यापासून हिशोब करतो आणि माझ्या उजेडाचा मध्य राइजमुळे फ्रेमच्या मध्याच्या २० मिमी खाली होता, त्यामुळे वरचे कोपरे काळेच राहिले आणि खालची फरशी पांढरी फटक झाली. यावर उपाय आहे, स्कॅनच्या खाली ४० मिमीएवढा रिकामा कॅनव्हास जोडायचा म्हणजे उजेडाचा मध्य बरोबर मधोमध येतो, मग दुरुस्ती करायची आणि जोडलेला भाग कापून टाकायचा. दुसरी अडचण मात्र सुटणारी नव्हती, जे निगेटिव्हवर आलंच नाही ते वर ओढून काय निघणार, ग्रेन आणि स्कॅनरचा कचरा.

दुसरा पर्याय, ९० वर परत काढायचं. तिथंही २० मिमी राइजला वरच्या कोपऱ्यात दीड स्टॉप जातोच, शिवाय मांडणी कापली जाते. अर्धवट उपाय.

तिसरा, नुसतं एक्सपोजर दोन स्टॉप वाढवायचं. कोपऱ्यात डबे येतील, पण खिडकी आणि मधली भिंत निगेटिव्हवर इतकी दाट होईल की प्रिंटमध्ये तिथं कागद कोराच राहणार. खिडकीच्या गजांमधून समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे दिसतात, ते मला हवे होते.

चौथा, सेंटर फिल्टर. मधे करडा आणि कडेला जात जात स्वच्छ होणारा. इथं एक गोष्ट मला फार उशिरा समजली आणि ती मी आता प्रत्येकाला सांगतो. हा फिल्टर कोपरे उजळ करत नाही, तो मध्याला रोखून धरतो. म्हणजे दीड स्टॉपच्या फिल्टरसाठी जो जास्तीचा वेळ द्यावा लागतो तो फिल्टरने खाल्लेला नाहीच, तो कोपऱ्यांना तसाही द्यावाच लागणार होता. तिसऱ्या पर्यायात आणि यात कोपऱ्याचं एक्सपोजर जवळपास तेच, फरक इतकाच की इथं मध्य जळत नाही. ‘फिल्टरमुळे फार वेळ लागतो’ म्हणून मी तीन वर्षं तो घेतला नव्हता. आणि दुसरा मोठा फायदा, फिल्टर लेन्सवर बसतो म्हणजे राइजबरोबर तोही सरकतो, सॉफ्टवेअरसारखा मध्य चुकत नाही.

पाचवा पर्याय मी खरंच करून बघितला. १९०० च्या सुमाराचा गोर्त्झचा हायपरगॉन (एक जुनी वाइड लेन्स), दोनच भिंगं आणि १३५ अंशांच्या वर कव्हर करणारा, त्याच्यासमोर चांदणीच्या आकाराची चक्री असायची, रबरी फुग्याने हवा मारून एक्सपोजरमधे ती फिरवायची म्हणजे मधला उजेड अडतो. माझी एक्सपोजर दहा-पंधरा सेकंदांची होतीच, म्हटलं काळ्या कागदाची चकती तारेला लावून लेन्ससमोर हलवत राहू. घरी एक शीट वाया घालवली, भिंतीवर पाण्यात दगड टाकल्यासारखी वर्तुळं आली. हात तेवढा सारखा हलत नाही. सोडून दिलं.

काय केलं

सेंटर फिल्टर विकत घेणं त्या महिन्यात शक्य नव्हतं, आणि मुंबईत दुकानात जाऊन लगेच हातात येईल अशी ती वस्तू नाही. जाहिरातींसाठी इंटिरियर शूट करणारे एक सीनियर दादा आहेत, त्यांनी पूर्वी स्लाइड फिल्मवर पुष्कळ काम केलं. स्लाइडची रेंज जेमतेम पाच स्टॉपची, तिथं दोन स्टॉपचा फॉलऑफ (कोपऱ्यातली उजेडाची घट) लपतच नाही, म्हणून त्या काळात काम करणाऱ्यांकडे हा फिल्टर हमखास सापडतो. त्यांच्याकडे दीड स्टॉपचा, ६७ मिमी आट्यांचा निघाला, माझ्या लेन्सला सरळ बसणारा. दादा म्हणाले, ‘‘ने, पण आधी एक टेस्ट शीट कर, अंदाजाने जाऊ नकोस.’’

टेस्ट साधी. बोर्ड बनवणाऱ्यांकडून दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आणला, लेन्सला टेकवून धरला, खिडकीकडे तोंड करून दोन शीट्स, एक फिल्टरशिवाय आणि एक फिल्टरसह, दोन्ही २० मिमी राइजवर. लाइट बॉक्सवर ठेवून स्पॉट मीटरने मध्य आणि कोपरे मोजले. इथं एक लक्षात ठेवायला लागतं, निगेटिव्हवर फरक दबून येतो, फिल्मचा कॉन्ट्रास्ट ०.६ च्या आसपास धरला तर दोन स्टॉपचा फॉलऑफ मीटरवर सव्वा स्टॉपसारखा दिसतो, ते बघून ‘अरे एवढाच’ म्हणून खूश व्हायचं नाही, प्रिंटचा कागद तो परत ताणून मोठा करतो. त्या हिशोबाने फिल्टरशिवाय वरचे कोपरे दोन स्टॉप खाली, फिल्टरसह अर्धा. अर्धा स्टॉप खोलीत कळतही नाही.

मग एक्सपोजरचं गणित. आजींच्या खोलीत एफ २२ ला मीटर ८ सेकंद म्हणत होता. लांब एक्सपोजरला फिल्म मंदावते, त्याची भरपाई म्हणजे रेसिप्रॉसिटी, मीटरच्या सेकंदांना एक घात लावायचा. एफपी फोरला इलफर्डचा हा घात १.२६, म्हणजे प्रत्यक्षात १४ सेकंद. फिल्टरचा दीड स्टॉप धरला की मीटरचे झाले साडेबावीस, आणि रेसिप्रॉसिटी लावली की ५१ सेकंद. क्रम चुकवायचा नाही, आधी फिल्टर मग रेसिप्रॉसिटी, उलटं केलं की १४ चे ४० होतात आणि निगेटिव्ह कमी एक्सपोज होते. ५१ सेकंद पंखा बंद, कॅलेंडरची पानं वाऱ्याने हलतात म्हणून खाली क्लिप, गॅलरीत कोणी धावायचं नाही कारण लाकडी जमीन हलते. वाडीतल्या पोरांनी ते काम मनापासून केलं, दोन्ही जिन्यांवर एकेक जण उभा राहून ‘फोटो चाललाय, थांबा’ म्हणून लोकांना अडवत होता.

आजींना मात्र खोलीत बसूनच फोटो हवा होता, खुर्चीवर, मागे डबे. ५१ सेकंद त्या काय, मीही स्थिर बसणार नाही. तिथं फिल्म बदलली, जास्त वेगवान एचपी फाइव्ह, आणि ॲपर्चर एफ १६. लेन्स एफ ५.६ ची असल्यामुळे एफ १६ म्हणजे तीन स्टॉप बंद, सेंटर फिल्टरला किमान दोन तरी हवेत, नाहीतर त्याचा ग्रेडियंट नीट लागत नाही. तिथला घात १.३१ लावून साधारण पाच सेकंद आले. त्यांनी खुर्चीचा हात धरला आणि बसल्या, एकदाही हलल्या नाहीत.

काही त्रास झाले ते सांगतो. फिल्टर लावल्यावर काच आणखी काळी होते, म्हणून फोकस आधी करायचा आणि मग फिल्टर फिरवून बसवायचा, त्यात आटे जरा घट्ट असले की लेन्सला धक्का लागतो, एक शीट अशीच आउट ऑफ फोकस गेली. खिडकी फ्रेममध्ये असली की फिल्टरच्या जादा काचेमुळे एक फिकट डाग येतो, तो काचेवर शोधायला लागतो. आणि एक मला अजिबात अपेक्षित नव्हतं, कोपरे उजळल्यावर तिथं वस्तू ताणलेल्या दिसायला लागल्या. पाण्याचा पितळी हंडा कोपऱ्यात अंड्यासारखा लांबट. आधीही तसाच होता पण अंधारात झाकलेला. फिल्टर याला काही करू शकत नाही, कॅमेरा दारात अर्धा फूट डावीकडे सरकवून हंडा कोपऱ्यातून आत घेतला. वस्तू हलवायच्या नाहीत हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

चौकाचे फोटो मात्र फिल्टर काढून घेतले. खालून वर बघताना वर मेमधलं पांढरं आकाश, तिथं राइजमुळे येणारा अंधार उलट उपयोगी, आकाश आपोआप एक-दीड स्टॉप खाली येतं आणि कौलांची कड सुटी दिसते. एक फिल्टर लावून बघितला, आकाश सपाट कोरं. म्हणजे प्रत्येक वेळी दुरुस्त करायचंच असंही नाही, पण ते बघून ठरवावं.

गेलेल्या दोन खोल्या

या निगेटिव्ह एनलार्जरवर (निगेटिव्ह मोठी करून छापायचं यंत्र) घेतल्या. मी राइज किती दिला ते वहीत लिहिलं नव्हतं, त्यामुळे उजेडाचा मध्य कुठं हेच माहीत नव्हतं. मग सुचलं की कॅमेरा भिंतीला समोरासमोर लावलेला होता, म्हणजे फरशीच्या आणि तुळयांच्या आत जाणाऱ्या रेषा जिथं मिळतात तोच लेन्सचा मध्य. कॉन्टॅक्ट प्रिंटवर पट्टीने रेषा ओढल्या, फुली मिळाली. पुठ्ठ्याला भोक पाडून त्या फुलीभोवती मध्य बर्न केला, म्हणजे तिथं जास्त वेळ उजेड दिला, आणि कोपऱ्यांना कमी वेळ दिला. एनलार्जरच्या लेन्सलाही स्वतःचा फॉलऑफ असतो आणि निगेटिव्ह छापताना तो उलटा, म्हणजे कडा उजळ करणारा, म्हणून तिचं ॲपर्चर नेहमीपेक्षा जास्त उघडं ठेवलं, तेवढीच मदत.

एक खोली बरी आली, त्यांच्या भिंती पांढऱ्या होत्या, कोपऱ्यात थोडी तरी डेन्सिटी (निगेटिव्हचा दाटपणा) होती. दुसरीत पोटमाळ्याखाली त्यांच्या वडिलांची शिवणयंत्राची फळी होती, ती गेली. कोपरा काळ्याचा करडा झाला, आत काही नाही. कागदाच्या चार वेगवेगळ्या ग्रेडवर (कॉन्ट्रास्टच्या पायऱ्या) प्रयत्न केले. त्या कुटुंबाला मी स्वतः जाऊन सांगितलं.

काय निघालं

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत १७ खोल्या परत काढल्या, त्यातल्या १६ चांगल्या. प्रिंट भाद्रपदात मंडपाच्या मागच्या बाजूला दोऱ्यांवर लावल्या, वाडी तोवर रिकामी झाली होती पण गणपती तिथंच बसवला होता आणि लोक बोरिवली, डोंबिवलीहून आले. आजी मुलाबरोबर आल्या. फोटोसमोर उभ्या राहून बोटाने डबे मोजले, सात, आणि मुलाला म्हणाल्या की शेवटच्यात हिंग असायचा.

आता परत करायचं झालं तर

लेन्स हातात आली त्या दिवशीच दुधी ॲक्रिलिकची टेस्ट करेन, राइज शून्य, दहा आणि वीस मिमीवर, आणि आकडे लेन्स बोर्डच्या मागे चिकटवून ठेवेन. ते आकडे असते तर फिल्टर मिळेपर्यंत निदान सावली झोन तीनऐवजी पाचवर ठेवली असती, खिडकी गेली असती पण शिवणयंत्र आलं असतं. खिडकी जाणं मला तेव्हा फार मोठं वाटत होतं. आता त्या घरासाठी मी ती आनंदाने घालवली असती.

२४ शीट्स संपेपर्यंत थांबलो हेही चुकलं. पहिल्या दोन शीट्स त्याच रात्री धुऊन दुसऱ्या दिवशी आजींना दाखवल्या असत्या तर तिथंच कळलं असतं. मी कॉन्टॅक्टवर शार्पनेस बघत होतो, भिंतींच्या कडा सरळ आहेत का बघत होतो, त्या डबे शोधत होत्या.

आणि कुठलं घर आधी खाली होणार हे काकांना पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, त्यांच्याकडे तारखांसकट यादी होती. मी तळमजल्यापासून ओळीने वर गेलो, कारण कॅमेरा आणि ट्रायपॉड जिन्याने चढवायचा कंटाळा. जाणारी दोन्ही घरं तिसऱ्या मजल्यावरची, म्हणजे त्यांची पाळी अगदी शेवटी, दुसऱ्या रविवारी संध्याकाळी आली, उजेड उतरलेला असताना. प्रत्येक शीटचा राइज आता वहीत लिहितो. दादांचा फिल्टर परत केला, स्वतःचा घेण्यासाठी पैसे साठवतोय, तोवर ७५ वर राइज लागणारं काम आलं की त्यांना आधी फोन करतो आणि मगच तारीख देतो.